काकूचा मोतीबिंदू आणि माझा घसा

मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं की दवाखान्यातून एक छापील कागद हातात देतात. डोळ्यात पाणी जाऊ देऊ नका, डोळा चोळू नका, वाकून जड काही उचलू नका, थेंब वेळच्या वेळी घाला. आम्हाला मिळालेला कागद एका बाजूने कन्नडमध्ये होता आणि दुसऱ्या बाजूने इंग्रजीत. पेशंटच्या पुतण्याने स्वतःची काय काळजी घ्यावी, हे कुठल्याच बाजूला नव्हतं.

निघताना डॉक्टर म्हणाले, "आजी, थोडे दिवस वाचन बंद हं." काकूने त्यातले 'थोडे दिवस' दवाखान्याच्या पायरीवर सोडले आणि 'वाचन बंद' तेवढं रिक्षात घालून बेळगावातल्या आमच्या शहापूरला आणलं. घरी आल्या आल्या काळा चष्मा सारखा केला, उशीखालून कादंबरी काढली आणि माझ्या मांडीवर ठेवली.

"डोळे झाकलेत माझे. कान उघडेच आहेत की. दुमडलेल्या पानापासून घे. मागचं मी सांगतो तुला."

काकूची मुलं पुण्याला. मी नुकताच बँकेतून निवृत्त झालेला. निवृत्त माणसाला काही काम नसतं यावर घरात एकमत असतं, आणि त्या एकमतात निवृत्त माणसाचं मत धरत नाहीत. तिच्यासाठी पुस्तकं बदलून आणण्याचं काम तसं आधीपासूनच माझ्याकडे होतं. त्याची तक्रार नाही. बेळगावचं सार्वजनिक वाचनालय 1848 सालचं, म्हणजे 1857 च्या आधीपासून या गावात कुणी ना कुणी कुणासाठी तरी पुस्तक बदलून आणत आलंय. पण आणणं वेगळं आणि मोठ्याने वाचणं वेगळं.

मनातल्या मनात वाचताना माणूस किती लबाडी करतो, हे मोठ्याने वाचायला बसल्याशिवाय कळत नाही. डोळा पानावरून घसरत जातो, निसर्गवर्णन आलं की उडी मारतो, संवाद आले की थांबतो. आवाजाला अशी उडी मारता येत नाही. त्याला प्रत्येक स्वल्पविरामाचा टोल भरावा लागतो. आणि जुन्या कादंबरीकारांना स्वल्पविराम फुकट मिळत असावेत. एका वाक्यात सूर्य उगवला, डोक्यावर आला, गाई परतल्या, तुळशीपुढे दिवा लागला, आणि माझा श्वास मात्र गाईंपाशीच संपला होता.

दुसऱ्या दिवशी मी चांदण्याचं दीड पान गाळलं.

"चांदणं कुठं गेलं?" काकू म्हणाली.

"कसलं चांदणं?"

"दोघं जेवून अंगणात आली न्हवं आत्ता? अंगणात आल्यावर चांदणं येतंयच. माग वळ."

मागे वळलो. चांदणं होतं. सायली पण होती.

मग आवाजांचा प्रश्न. कादंबरी एकत्र कुटुंबाची. नाव सांगत नाही, लेखकाचे वारस बेळगावात निघायचे. घरात एक सासू, दोन सुना, एक दीर आणि कोपऱ्यात एक विधवा आत्या. काकूला प्रत्येकाचा आवाज वेगळा हवा. मी सासूचा आवाज काढला तेव्हा स्वयंपाकघरातून बायको पदर तोंडाला लावून बाहेर आली आणि तशीच आत गेली. काकू हसली नाही. "सासू अशी वरडती होय रे? सासू हळू बोलती. हळू बोलती म्हणून भ्या वाटतंय." त्या एका वाक्यात जे शिकलो ते कॉलेजातल्या सगळ्या समीक्षेने शिकवलं नव्हतं. पण हळू बोलायची सोय शहापुरात कुठे? गल्लीच्या दोन्ही टोकांना माग. यंत्रमागाच्या खटखटीत सासूला हळू बोलायला लावून ते काकूच्या कानापर्यंत पोचवायचं म्हणजे ओरडून कुजबुजणं आलं. रात्री मी हळद घालून दूध पिऊ लागलो.

मोबाइलवर वाचून दाखवणाऱ्या गोष्टी मिळतात, हे भाच्याने सांगितलं तेव्हा मला देव भेटला. चांगला भारदस्त आवाज होता, सासूचा वेगळा, सुनेचा वेगळा, मध्ये सतारही. काकूने पाच मिनिटं ऐकलं. मग मोबाइलला विचारलं, "खरं ह्या दिराचं लगीन का झालं न्हाई?" मोबाइल थांबला नाही. पुढे सांगत सुटला. "विचारलेलं ऐकत न्हाई आणि आपलंच सांगत बसतंय," असं म्हणून तिने तो पालथा घातला. "तू बरा. तुला निदान रागवाय तरी येतंय."

इथवरही निभलं असतं. पण शेजारच्या अक्का यायला लागल्या.

अक्का कन्नड बोलणाऱ्या, माहेर गोकाकच्या बाजूचं. त्यांना मराठी कळतं, पण पुस्तकातलं नाही. म्हणजे 'जेवलीस काय' कळतं, 'तिच्या अंतःकरणात कालवाकालव झाली' कळत नाही. तेव्हा मी दोन ओळी वाचायच्या आणि काकूने त्या अक्कांना कन्नडमध्ये सांगायच्या, अशी व्यवस्था ठरली. माझ्या दोन ओळींना काकूची दहा मिनिटं लागत. सुरुवातीला वाटलं, कन्नड भाषाच ऐसपैस. मग कान देऊन ऐकलं. मला कन्नड येतं. बँकेच्या काउंटरवर उभं राहून या भागात न येऊन चालत नाही. काकू जे सांगत होती त्यातलं निम्मं पुस्तकात नव्हतं. थोरल्या सुनेला तिने माहेर दिलं होतं, नदीकाठचं. दिराचं लग्न का झालं नाही याचं कारण, जे लेखकाला चारशे पानांत सुचलं नव्हतं, ते तिने चहा यायच्या आत दिलं होतं. आणि ते पटण्यासारखं होतं, हा आणखी ताप.

ही खोड आजची नाही. तिच्या सासरी चातुर्मासात हरिविजयाची पोथी लागायची, 36 अध्याय. एकाने ओव्या वाचायच्या, ओसरीवर बायाबापड्या बसलेल्या, आणि अर्थ सांगायला एक वेगळी वडीलधारी बाई. वाचणाऱ्याला कुणी विचारत नसे. तो पोरगेलासा कुणीही चाले, डोळे चांगले आणि आवाज फुटलेला असला की झालं. मान सगळा अर्थ सांगणारीचा. तिथे कृष्णाने कोणत्या गवळणीचं मडकं फोडलं ते पोथीत असे, पण त्या गवळणीला घरी जाऊन काय ऐकून घ्यावं लागलं ते सांगणारीकडे असे. साठ वर्षांनी काकूला ती गादी मिळाली होती, आणि मला पोरगेलेपण.

अक्कांची कसोटी निराळी. कुलगोडच्या तम्मण्णाचं श्रीकृष्ण पारिजात, कन्नड लोकनाट्य, त्यांच्या भागात रात्र रात्र चालायचं, लहानपणी घोंगडीत बसून पाहिलेलं. एका फुलावरून रुक्मिणी आणि सत्यभामा यांच्यात उजाडेपर्यंत जुंपते. ते एकदा पाहिलेल्या माणसाला आमच्या कादंबरीतली 'मूक घुसमट' काय पुरणार? दर प्रकरणाला त्या विचारत, "मुंदेनातू?" पुढे काय झालं? पुढे थोरली सून खिडकीपाशी उभी राहून पाऊस बघायची. "मातेन आडलिल्ला?" काही बोलली नाही? नाही, अक्का. ती लेखकाची नायिका आहे, ती बोलत नाही.

एका संध्याकाळी घसा बसायच्या बेतात असताना मी ऐन रंगात पुस्तक मिटलं आणि म्हटलं, उरलेलं उद्या. काकू म्हणाली, "माझ्या जन्माला एक क्रमशः पुरे आहे." खरं आहे. बेळगाव महाराष्ट्राचं की कर्नाटकाचं, हा सीमाप्रश्न क्रमशःच चाललाय. 1956 साली भाषावार राज्यं झाली तेव्हा ती परकरात होती. 1967 साली महाजन आयोगाचा अहवाल आला तेव्हा सून झाली होती. 2004 साली महाराष्ट्र सुप्रीम कोर्टात गेला तेव्हा आजी. पुढचं प्रकरण अजून यायचंय. या विषयावर काकू आणि अक्का एकमेकींशी बोलत नाहीत. बोलायला सासवा पुरतात.

सुटकेचा एक प्रयत्न मी जीए कुलकर्णींच्या भरवशावर केला. बेळगावात शिकलेला लेखक, धारवाडच्या कॉलेजात इंग्रजी शिकवत राहिलेला, माणसांत फारसा न मिसळणारा. त्यांच्या कथेतला काळोख भल्याभल्यांना झेपत नाही. दोघी आपोआप टीव्हीकडे वळतील, असा माझा हिशेब. कथा संपली. बराच वेळ कुणी बोललं नाही. मग काकू म्हणाली, "हा आपल्या बेळगावातच शिकला न्हवं? मग एवढं दुःख बघितलं कुठं ह्यानं?" आणि थोड्या वेळाने, "परत वाच बघू." काकूने ती कथा अक्कांना जशीच्या तशी सांगितली. एक शब्द वाढवला नाही. जीएंना याहून मोठा पुरस्कार मिळाला असेल असं मला वाटत नाही, पण माझा घसा त्यात दोनदा गेला.

मग आषाढातला तो दिवस. आमचा पाऊस सांगण्यात अर्थ नाही, खानापूरकडून निघाला की त्याला शहापूरशिवाय थांबा नसतो. थोरली सून तापाने पडलेली, सासू दारात उभी, आणि करंट गेला. सगळे माग एकदम बंद. गल्ली इतकी शांत मी क्वचित ऐकली होती. मेणबत्ती शोधायला उठलो तर काकू म्हणाली, "बस की. मी सांगतो." आणि अंधारात तिने दोन्ही भाषांत एकदम सुरू केलं. मराठीत एक वाक्य, कन्नडमध्ये एक. थोरली सून अंथरुणातून उठली. सासूपुढे गेली. आवाज चढवला नाही. हात पुढे करून सासूच्या कमरेचा किल्ल्यांचा जुडगा काढला आणि आपल्या कमरेला खोचला. खिडकीबाहेर कुणीतरी "भले!" म्हणालं. माग बंद पडल्यामुळे कारागीर बाहेर आले होते आणि आमच्या गजांना धरून उभे होते.

करंट आला. मी पुस्तकात बघितलं. पुस्तकात थोरली सून अंथरुणातच होती. तिला क्षय झाला होता आणि ती सासूची क्षमा मागत होती.

एका बाजूला दिवंगत लेखक, दुसऱ्या बाजूला काकू, अक्का आणि खिडकीतली पाच डोकी. मी वाचलं, "तिने जुडगा कमरेला खोचला."

पुढची ऐंशी पानं मी कशी काढली ते माझं मला ठाऊक. लेखकाने सुनेला दिलेला खोकला मी सासूला लावला. डॉक्टर सासूकडे वळवले. औषध तेच चाललं. शेवटी मरण आलं तेही सासूच्या नावावर चढवावं लागलं. त्यानंतर लेखकाने दोन पानं विलाप केला आहे, तो गाळायची हिंमत झाली नाही. या सासूसाठी एवढं कोण रडतंय, असं अक्कांनी दोनदा विचारलं.

थंडीत कडोली, उचगाव, सांबरा अशा गावांतून साहित्य संमेलनं होतात, ग्रंथदिंडी निघते, जेवणानंतर कथाकथन असतं. काकू दरवर्षी जाते. यंदा एक कथाकार कागदात बघून गोष्ट सांगत होते. "कागद बघून सांगायचं तर पोस्टमन काय वाईट?" ती मोठ्याने म्हणाली. पुढच्या दोन रांगांनी वळून बघितलं. मी शेजारी बसलो होतो. मी मान खाली घातली.

डोळा आता उत्तम आहे. नवा चष्मा आलाय. खोलीच्या दुसऱ्या टोकावरून तिला बायकोच्या सुपातला खडा दिसतो. फक्त छापलेलं अक्षर दिसत नाही. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, दिसायला पाहिजे. काकू म्हणाली, "तुम्हाला दिसत असेल."

परवा अक्का जत्रेला माहेरी जाऊन आल्या. तिथे त्यांनी आमची कादंबरी सांगितली, दोन रात्री. ओसरी भरली होती म्हणे. पण सासूचं मरण तिकडच्या बायकांना आवडलं नाही. सुटली की ती, असं त्यांचं म्हणणं पडलं. जिवंत राहायला हवी होती. रोज सकाळी सुनेकडे साखरेच्या डब्याची किल्ली मागायला हवी होती.

काकूने यावर बराच विचार केला. मग पुस्तक उचलून माझ्या मांडीवर ठेवलं.

"बरोबर आहे त्यांचं. पहिल्या पानापासून घे. आणि ह्या खेपेला म्हातारीला मारू नको."