चॅम्पियन टीममधले म्हातारे वेळेत कसे हाकलावेत

तुमची टीम चॅम्पियन झाली का? अभिनंदन. पेढे नंतर वाटा, आधी टीममधले म्हातारे मोजा.

हे ज्ञान माझं नाही बरं का. गेल्या रविवारी सकाळी बास्केटबॉल खेळून झाल्यावर चहाच्या टपरीवर मला ते फुकटात मिळालं, चहाचे पैसे तेवढे मी दिले. विषय निघाला सॅन अँटोनियो स्पर्सचा, म्हणजे अमेरिकेतल्या एनबीए या बास्केटबॉल लीगमधल्या टीमचा, २०१४ च्या चॅम्पियनचा. आमच्यात खेळायला येणारा बावीस वर्षांचा एक मुलगा, म्हणजे २०१४ ला हा पाचवीत असेल, पार्ले-जी चहात बुडवत म्हणाला, "काका, २०१४ ला जिंकल्या जिंकल्या त्या तिघा बुढ्ढ्यांना विकून टाकायला पाहिजे होतं, मग कवाय गेलाच नसता." तिघे बुढ्ढे म्हणजे टिम डंकन, मनू जिनोबिली आणि टोनी पार्कर, आणि कवाय म्हणजे त्याच टीममधला तरुण हीरो, जो २०१८ ला टीम सोडून गेला. माझ्या गुडघ्याला नी-कॅप होती आणि ग्लास हातात होता म्हणून मी गप्प बसलो. आता घरी आहे. तेव्हा घ्या टिपा.

टीप पहिली. वय बघा, बाकी काही बघू नका. जून २०१४ ला डंकन ३८, मनू ३६, पार्कर ३२ आणि कवाय लेनर्ड २२. झाला हिशोब. बावीस वर्षांचं पोरगं फायनल्सचा एमव्हीपी, म्हणजे सगळ्यात भारी खेळाडू, झालं, तिसऱ्या मॅचला २९ पॉइंट, चौथीला २०, पाचवीला २२, समोर मायामीचा लेब्रॉन जेम्ससारखा माणूस असताना. मग म्हाताऱ्यांचं काम काय? पहिल्या दोन मॅचला कवायचे ९ आणि ९ होते हे कोणाला सांगू नका. पहिल्या मॅचला सॅन अँटोनियोच्या हॉलमधला एसी बंद पडला, आपल्याकडे मे महिन्यात लाइट जाते तसं, आणि त्या भट्टीत २९ वर्षांच्या लेब्रॉनच्या पायात गोळे येऊन तो बाहेर गेला, तर ३८ वर्षांच्या डंकनने २१ पॉइंट आणि १० रिबाउंड (चुकलेल्या शॉटचे पकडलेले बॉल) काढले, हे तर अजिबातच सांगू नका. हिशोब बिघडतो.

टीप दुसरी. मॅच बघू नका, रील बघा.

टीप तिसरी. म्हातारा चांगला खेळला की 'व्हिंटेज' म्हणायचं, वाईट खेळला की 'संपला' म्हणायचं. नुसतं 'खेळला' असं कधी म्हणायचं नाही.

टीप चौथी. भाषा बदला. माणूस म्हणायचं नाही, 'अ‍ॅसेट' म्हणायचं. त्याचा करार संपत आला की तो 'एक्स्पायर होतोय' म्हणायचं, दुधाच्या पिशवीसारखं. आमच्या त्या मुलाच्या मोबाइलवर एक अ‍ॅप आहे, त्यात कुठलाही प्लेअर कुठल्याही टीमला विकता येतो, त्याने माझ्यासमोर बसून डंकनला विकून दोन ड्राफ्ट पिक, म्हणजे नवी पोरं निवडायचे नंबर, घेतले आणि अ‍ॅपने हिरवी बरोबरची खूण दाखवली. डंकनला! अरे ज्या माणसाने २०१२ ला नवा करार करताना २ कोटी डॉलरच्या वर असलेला वर्षाचा पगार निम्म्याच्याही खाली आणून घेतला. का, तर लीगमध्ये पगाराच्या बेरजेला मर्यादा असते, एकाने ताट भरून घेतलं की बाकीच्यांना वाढायला उरत नाही. आणि मिनिटं बघा, २०१३-१४ च्या सीझनमध्ये स्पर्सने ६२ मॅच जिंकल्या आणि अख्ख्या टीममध्ये एकही जण मॅचच्या ४८ पैकी सरासरी ३० मिनिटं खेळला नाही, पोरांना खेळायला मिळत नव्हतं म्हणता ना, मग ती उरलेली मिनिटं कोण खेळत होतं, बॉलबॉय? मनू तर करिअरचा मोठा भाग बेंचवरून उतरला, अर्जेंटिनाला ऑलिंपिक गोल्ड मिळवून देणारा माणूस, ड्राफ्टमध्ये ५७ व्या नंबरला निवडलेला. नाव आपल्या आजोळच्या कुठल्यातरी मनूसारखं आणि वागणंही तसंच, पंगतीत सगळ्यात शेवटी बसणारं. कोच पॉपोविचने एकदा डंकनला विश्रांती दिली तर मॅचच्या कागदावर 'खेळला नाही' याच्यापुढे कारण छापून आलं 'म्हातारा'. खरंच. मार्च २०१२. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये तिघांना आणि टीममधल्याच डॅनी ग्रीनला मायामीच्या मॅचआधी विमानात बसवून घरी पाठवलं म्हणून लीगने टीमला अडीच लाख डॉलर दंड लावला. म्हाताऱ्यांना न खेळवल्याबद्दल दंड! आणि आता ऐकतोय की म्हातारे जागा अडवून बसले होते.

असो. रक्तदाब.

टीप पाचवी. हरलात की म्हाताऱ्यांच्या नावावर टाका. मायामीविरुद्धच्या २०१३ च्या फायनल्सची सहावी मॅच, २८ सेकंद बाकी, स्पर्स ५ ने पुढे, कपाच्या तयारीला माणसं लागलेली आणि मग मायामीच्या रे अ‍ॅलनचा तो हातातला कप घालवणारा तीन पॉइंटचा शॉट. त्यावर मी बोलणार नाही, ज्याला माहीत आहे त्याच्या पोटात आत्ताही कालवलं असेल. त्या शेवटच्या अर्ध्या मिनिटात मनूने दोनातला एक फ्री थ्रो घालवला, हे सांगायचं. कवायनेही दोनातला एक घालवला, हे खायचं. आणि सातव्या मॅचला डंकनने अगदी रिंगजवळून चुकवला ते मात्र रोज सांगायचं. त्याने नंतर जमिनीवर दोन्ही हात आपटले होते, तो व्हिडिओ मी अजून पूर्ण बघू शकत नाही. वर्षभराने तेच सगळे परत आले, तीच मायामी, शेवटच्या मॅचला सुरुवातीलाच २२-६ ने मागे पडले आणि १०४-८७ ने जिंकले. आपल्याकडे सोमवारची सकाळ होती, मी ऑफिसला उशिरा गेलो आणि का ते कोणालाही सांगता आलं नाही, कारण बास्केटबॉल म्हटल्यावर लोक शाळेतलं ग्राउंड आठवतात.

टीप सहावी. इतिहास वाचू नका. वाचलात तर घोळ होईल. कारण याच टीमने १९९९ ला पहिला कप जिंकला तेव्हा एमव्हीपी होता २३ वर्षांचा डंकन, आणि म्हातारा होता ३३ वर्षांचा डेव्हिड रॉबिन्सन. तुमच्या अ‍ॅपने त्याला त्याच रात्री विकला असता. टीमने ठेवला. चार वर्षांनी, १५ जून २००३ ला, रॉबिन्सन ३७ वर्षांचा होता, त्याच्या आयुष्यातली शेवटची मॅच, १३ पॉइंट आणि १७ रिबाउंड, कप घेऊन घरी. शेजारी डंकन २१ पॉइंट, २० रिबाउंड, १० असिस्ट, ८ ब्लॉक. डंकन म्हातारं कसं व्हायचं हे कुठे शिकला असेल, यूट्यूबवर? आणि २०१४ चा कप कोणत्या तारखेला आला बघा. १५ जून.

टीप सातवी. पुढचं काय झालं ते विचारलं तर विषय बदला.

पण मी नाही बदलणार आता, आलोच आहे तर ऐका. २०१४ नंतर कोणी कवायला अडवलं नाही. लागोपाठ दोन वर्षं तो लीगचा बेस्ट डिफेंडर झाला, टीमने त्याच्या भोवती २०१६ ला ६७ मॅच जिंकल्या, आणि डंकन त्याच उन्हाळ्यात चाळिशीत, ना निरोप समारंभ ना भाषण, गपचूप घरी गेला. कवायचा पाय दुखावला, त्याची मांडी खरंच दुखत होती का, डॉक्टर कोणाचे बरोबर, यात मी पडत नाही, मला माझा गुडघा कळत नाही. २०१७-१८ ला तो ९ मॅच खेळला. पार्करही त्याच जागी दुखावलेला होता आणि तो पत्रकारांपुढे बोलून गेला की आपली दुखापत शंभर पटीने वाईट होती. बोलायला नको होतं, मान्य. एवढ्यावरून तिघे बुढ्ढे व्हिलन? जुलै २०१८ ला कवाय टोरोंटोला गेला, तिथे पहिल्याच वर्षी कप जिंकला, परत फायनल्सचा एमव्हीपी झाला, आणि काही आठवड्यांत तिथूनही गेला, लॉस एंजेलिसला. टोरोंटोत कुठला डंकन त्याच्या वाटेत आडवा पडला होता? त्याला दक्षिण कॅलिफोर्नियात आपल्या घराकडे खेळायचं होतं, गेला, त्यात काही चूक नाही. पण बघा की, २०१८ च्या त्या उन्हाळ्यात हीरो आधी गेला, आणि ४१ वर्षांचा मनू त्याच्यानंतर ऑगस्टमध्ये रिटायर झाला. ज्याला सगळ्यात आधी विकायचा होता तो दिवा मालवायला शिल्लक राहिला. डंकन, पार्कर, मनू मिळून नियमित सीझनच्या ५७५ मॅच जिंकले. पाचशे पंचाहत्तर. अ‍ॅपमध्ये घाला हा आकडा.

आता उपरोध वगैरे पुरे, सरळ सांगतो. अरे बाळांनो, तुम्हाला डंकन कळत नाही याचं मला वाईट वाटत नाही, तुम्ही तेव्हा लहान होतात. पण रविवारी टपरीवरून घरी पोचेपर्यंत ग्रुपवर मेसेज पडला होता, 'सीनियर्सनी पुढच्या महिन्यापासून सकाळचा स्लॉट सोडावा, यंग टीम बिल्ड करायची आहे.' कसली टीम बिल्ड करताय? तुमच्यातल्या दोघांना बॉक्स आउट म्हणजे काय ते माहीत नाही, एकालाही डाव्या हाताने लेअप येत नाही, बॉल गेला की तिथेच उभे राहून केस सारखे करता आणि डिफेन्सला आम्ही पंचेचाळीसवाले धावतो. सहा वाजता गेट उघडायला वॉचमनला फोन कोण करतं? पावसानंतर कोर्टवरचं पाणी झाडूने कोण काढतं? रिंगची जाळी स्वतःच्या पैशाने कोणी आणली? एकदा तरी वेळेवर या, मग म्हातारे मोजा. आणि त्या सकाळच्या स्लॉटसाठी जो बॉल तुम्ही रविवारी घेऊन गेलात तो माझा आहे, शनिवारपर्यंत वॉचमनकडे ठेवा. हवा भरून.