‘मांजरीला तापाची अर्धी गोळी द्या’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

गेल्या आठवड्यात मोठीआईने शेजारच्या पोराला माझ्या मेडिकलवर पाठवलं. चिठ्ठीत एकच ओळ होती, ‘तापाची गोळी, ६५०ची, एक.’ तिला ताप आला असेल म्हणून मी लगेच फोन लावला.

"मले नाई रे, माऊले पाहिजे," मोठीआई म्हणाली. "घरची अर्धी गोळी दुधात कालवून ठेवली, पन थे पेतच नाई. तुह्याकडची ताजी असन म्हणून मागवली."

दुकान पोराच्या भरवशावर टाकून मी गाडी काढली. आर्वी तालुक्यातलं आमचं गाव दुकानापासून फार लांब नाही, पण त्या दिवशी रस्ता सरता सरत नव्हता. पोचलो तर ओसरीत स्टीलची वाटी, दुधावर साय धरलेली आणि वाटी तिरपी केली की तळाला पांढरा साका. पिल्लाने तोंड लावलं नव्हतं. ही गोळी कडू असते म्हणून ते वाचलं. माणसाच्या शहाणपणाने नाही.

माऊ आणून दहाच दिवस झाले होते. कापूस घरात आला की मागोमाग उंदीर येतात, म्हणून मोठीआईने लेकीच्या गावाहून हे दोन-अडीच महिन्यांचं पिल्लू थैलीत घालून आणलं. आल्या दुसऱ्या दिवसापासून त्याला पातळ हगवण. मग बचतगटाच्या ग्रुपवर तो मेसेज आला. "नवीन मांजर आणली आणि जुलाब लागले? डॉक्टरला पैसे देऊ नका, ७ रामबाण उपाय." त्यातले उपाय असे: जागा बदलली की आठ दिवस जुलाब होतातच, वाट पाहा. हळद घालून गाईचं दूध दिवसातून तीनदा द्या. अंग गरम लागलं तर माणसाची तापाची अर्धी गोळी दुधात. दोन दिवस कडक उपास. जंतासाठी कांदा-लसणाचा रस. नाहीच थांबलं तर माणसाची जुलाब बंद करायची गोळी. आणि बरं वाटलं की दहीभात.

मी माणसांच्या औषधांचा फार्मासिस्ट, जनावरांचा डॉक्टर नाही. पण हा मेसेज लिहिणारा तर दोन्ही नाही, हे तिसरा उपाय वाचताच कळतं. म्हणून आधी तोच.

अर्धी गोळी. मोठीआईचं म्हणणं, "अर्ध्या गोळीनं काय होते? आपल्या पोट्ट्याईले नाई देत का?" आपण पोरांना देतो त्या पॅरासिटामॉलचा जोर मोडून माणसाचं यकृत ते लघवीवाटे बाहेर काढतं. त्यासाठी जे विकर (एन्झाइम) लागतं, ग्लुकुरोनिल ट्रान्सफरेज, ते मांजराच्या यकृतात फारच तोकडं असतं. मग औषध अंगातच राहतं, त्याचं दुसरंच विषारी द्रव्य तयार होतं आणि ते रक्तातल्या हिमोग्लोबिनवर उलटतं. रक्त अंगात फिरतं, पण त्याला प्राणवायू धरता येत नाही. हिरड्या गुलाबीच्या तपकिरी नाहीतर निळसर होतात, धाप लागते, तोंड आणि पंजे सुजतात. हे सगळं काही तासांत.

आता हिशोब. जगभरचे पशुवैद्य वापरतात ते ‘मर्क व्हेटर्नरी मॅन्युअल’ १९५५ पासून निघतं. किलोमागे १० मिलिग्रॅम इतक्या कमी मात्रेतही मांजरांना विषबाधा होऊ शकते, असं पशुवैद्यकाची पुस्तकं सांगतात. माऊला मी शेजारच्या किराणा दुकानातल्या काट्यावर ठेवलं. भरलं ९०० ग्रॅम. म्हणजे त्याच्यासाठी ९ मिलिग्रॅमपासूनच धोका. ६५०ची अर्धी गोळी म्हणजे ३२५ मिलिग्रॅम. छत्तीस पट! कोरोनापासून घराघरात डब्यात ६५०ची पत्ती पडलेली असते, आणि मेसेजवाल्याने गोळी कितीची हेही लिहायचे कष्ट घेतलेले नाहीत.

पण मला जास्त चीड आली ती "अंग गरम लागलं तर" या शब्दांची. मांजराचं अंग आपल्या हाताला गरमच लागणार. आपलं तापमान ९८.६ फॅरनहाइट धरतात, तर धडधाकट मांजराचं १००.५ ते १०२.५. आपल्याला इतकं असलं की आपण गोधडी ओढतो, मांजर तेवढ्यात उंदीर पकडतं. त्यातून माऊ सकाळपासून कापसाच्या ढिगावर, थेट उन्हात झोपलेलं. मोठीआईने त्याच्या पोटाखाली हात घातला आणि म्हणाली, "पाय, कसं तापलं!" मी कापसात हात खुपसला, तोही तेवढाच तापलेला. म्हणजे या मेसेजप्रमाणे वागलं तर गावातलं एकूण एक निरोगी मांजर तापकरी ठरतं आणि प्रत्येकाला अर्धी गोळी मिळते. नाक कोरडं आहे का ओलं, यावरूनही ताप ठरत नाही. गुदद्वारात थर्मामीटर घालून पाहावं लागतं, आणि ते डॉक्टरचं काम.

चुकून कोणी गोळी दिलीच असेल तर लक्षणं दिसायची वाट पाहू नका. मीठपाणी पाजून ओकारी काढायच्या भानगडीत पडू नका. गोळी कितीची, किती वाजता दिली हे कागदावर लिहा, पत्ती सोबत घ्या आणि निघा. यावर उतारा आहे, ॲसिटिलसिस्टीन नावाचा. पण तो वेळेत आणि डॉक्टरच्या हातून जायला हवा.

कांदा-लसणाचा रस हा याच माळेतला दुसरा मणी. कांद्या-लसणातली गंधकाची द्रव्यं मांजराच्या तांबड्या पेशी फोडतात. मर्कमधला आकडा आहे किलोमागे ५ ग्रॅम कांदा. माऊच्या वजनाला साडेचार ग्रॅम, म्हणजे कांद्याची एक पातळ चकती. लसूण त्याहून जहाल. आणि जंत? ते तसेच राहतात. शिजवल्याने कांद्याचं विष जात नाही, म्हणून रविवारी मटणाच्या तर्रीत भिजवलेला पोळीचा तुकडा मांजरापुढे टाकायची आपली जी सवय आहे, तीही बंद करा. हाडावरचं साधं, बिनमसाल्याचं मटण उकडून दिलं तर ते काही तक्रार करणार नाही.

दुधाचं सांगायला गेलं की लोक भांडायला उठतात. मांजर आणि दूध ही जोडी आपल्या म्हणींत, बालगीतांत इतकी घट्ट बसली आहे. मांजर डोळे मिटून दूध पितं हे खरं. त्यानंतर ते अंगणाच्या कोपऱ्यात काय करतं ते आपण पाहत नाही. आईचं दूध सुटायला लागलं की पिल्लाच्या आतड्यातलं दुधातली साखर पचवणारं विकर कमी होत जातं. न पचलेली साखर आतड्यात पाणी ओढते, आंबते आणि हगवण लागते. काही मांजरांना थोडं दूध सोसतं, नाही असं नाही. पण ज्याला आधीच हगवण आहे त्याला दिवसातून तीनदा दूध, म्हणजे लागलेल्या आगीत तेल. माऊला आल्या दिवसापासून पोळी कुस्करून दूधच मिळत होतं. लेकीच्या घरी ते काय खात होतं हे कोणी विचारलंच नव्हतं. मी फोन करून विचारलं. तिथे दूध वर्ज्य होतं, उकडलेली कोंबडी आणि सुकट! हळदीबद्दल म्हणाल तर चिमूटभराने मांजर मरणार नाही, बरंही होणार नाही.

एक गोष्ट मात्र कबूल करावी लागेल, नाइलाजाने का होईना. जागा बदलली की मांजराचं पोट बिघडतं, हे खरं आहे. थैलीतला प्रवास, नवी माणसं, कुत्र्याचं भुंकणं, त्यात एका दिवसात बदललेलं खाणं. म्हणूनच पहिले काही दिवस जुनंच अन्न द्यावं आणि नवं हळूहळू, सात-दहा दिवसांत वाढवत न्यावं. एक शांत खोली, पाणी, रेतीचं घमेलं. मोठं मांजर खेळतंय, खातंय, पाणी पितंय आणि नुसती शी पातळ आहे, तर एखादा दिवस लक्ष ठेवून थांबता येतं. पण "आठ दिवस वाट पाहा" हे अडीच महिन्यांच्या पिल्लाला लावायचं म्हणजे कमालच झाली. एवढ्याशा जिवात पाणी असतं तरी किती! आणि लस न झालेल्या पिल्लाला उलट्या, जुलाब, सुस्ती एकदम आली तर तो पॅनल्युकोपेनिया हा विषाणूचा रोग असू शकतो, कुत्र्यांना होतो तसा मांजरांचा पार्व्होच म्हणा. त्यात पिल्लं एक-दोन दिवसांत जातात. उलटी, शीमध्ये रक्त, खाणं सोडणं, कोपऱ्यात दडून बसणं, यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी दवाखाना.

उपासाचंही तेच. एकादशी आपल्याला. पिल्लाची साखर काही तासांत उतरते, आणि अंगाने भरलेलं मोठं मांजर काही दिवस खाल्ल्यावाचून राहिलं तर त्याच्या यकृतात चरबी साठून तो वेगळाच जीवघेणा आजार होतो. जुलाब बंद करायची माणसाची गोळी डॉक्टरने सांगितल्याशिवाय देऊ नये. ती खाऊन काही मांजरं बिथरतात, आणि आतली घाण आतच राहते. दहीभाताला माझा फारसा विरोध नाही. दह्यात दुधाची साखर कमी असते. पण मांजर हा मांसाहारी जीव आहे, नुसत्या दहीभातावर तो उभा राहत नाही.

"ढोराईचा डाक्टर मांजर पायते का?" मोठीआईने शेवटचं अस्त्र काढलं. आमच्याकडच्या सरकारी दवाखान्यात आधी एक बैल होता, मग एक शेळी, आणि मग माऊ. मी जाताना गोळ्यांच्या रिकाम्या डबीत शी घेऊन गेलो होतो. रांगेतले लोक हसले, डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी पिल्लाच्या पोटावर बोट ठेवून दाखवलं. अंग काडीसारखं आणि पोट ढोलकीसारखं. गोल जंत, बहुतेक आईच्याच दुधातून आलेले. वजन विचारून त्यांनी सिरिंजमध्ये थोडंसं पातळ औषध घेतलं आणि गालाच्या कडेने सोडलं. दुसऱ्या दिवशी सकाळी रेतीच्या घमेल्यात शिजलेल्या शेवयांसारखा गुंता पडला होता. शेपटीखाली भाताच्या कोरड्या शितासारखं काही चिकटलेलं दिसलं तर तो वेगळा जंत, पिसवांमुळे होणारा, आणि त्याचं औषधही वेगळं. म्हणून शेळ्यांच्या जंताच्या औषधाची बाटली गोठ्यात आहे म्हणून तिच्यातलंच दोन थेंब पाजायचं, असं करू नका. आणि घमेलं साफ केल्यावर हात साबणाने धुवा. हे जंत लहान पोरांच्याही पोटात जातात.

जवळ असा दवाखाना नसेल तर नागपूरचं पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, अकोल्याची पशुवैद्यकीय संस्था आहे. लांब पडतं, मान्य. पण आधी तालुक्याला विचारून तर पाहा.

दूध बंद केल्यावर आणि औषध गेल्यावर चौथ्या दिवशी माऊची शी बांधून आली. ही बातमी मला मोठीआईने सकाळी साडेसहाला फोन करून दिली. जंताचा दुसरा डोस दोन आठवड्यांनी आहे. तिने भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या तारखेच्या चौकोनात ‘माऊ’ लिहून ठेवलंय, दुधाच्या हिशोबाच्या खाली. हिशोबात रोजचा पाव लिटर आता कमी लागलाय.