बास्केटबॉलवाला टाइट एंड

पोराला नवव्या वर्षी क्रिकेट अकादमीत घालून बाकीचे खेळ बंद करावेत, की दहावीपर्यंत सगळं खेळू द्यावं? आमच्या नातलगांत हा वाद पेटला की कोणीतरी हमखास म्हणतं, "अमेरिकेत बघा, तिथं मुलं सगळं खेळतात." मी सॅन डिएगोत राहतो. इथं असल्या वादात अमेरिकन फुटबॉलपटू अँटोनियो गेट्सचं नाव निघायलाच हवं.

गेट्स डेट्रॉइटचा. मिशिगन स्टेट विद्यापीठात गेला तो फुटबॉल (म्हणजे अमेरिकन, हाताने चेंडू फेकायचा-झेलायचा) आणि बास्केटबॉल दोन्ही खेळायला, पण प्रशिक्षक निक सेबन यांना तो फक्त फुटबॉलसाठी हवा होता. म्हणजे आपल्या अकादमीतले सर सांगतात तेच! गडी निघून गेला, कॉलेजं बदलत केंट स्टेटला पोचला. २००२ मध्ये त्या संघाने बास्केटबॉलमध्ये देशातल्या शेवटच्या आठांत धडक मारली. मात्र सहा फूट चार इंच उंची एनबीएत, म्हणजे व्यावसायिक बास्केटबॉलमध्ये, त्याच्या जागेसाठी कमीच.

कॉलेजात फुटबॉलचा एकही सामना न खेळलेल्या गेट्सला २००३ मध्ये इथल्या चार्जर्स या व्यावसायिक फुटबॉल संघाने ड्राफ्टबाहेरून, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत कोणीच न निवडलेला असताना, घेतलं. टाइट एंड हा रांगेच्या टोकाचा खेळाडू. कधी समोरच्या धिप्पाडांना अडवायचं, कधी पळत सुटून पास झेलायचा. बास्केटबॉलमध्ये रिबाउंडसाठी, म्हणजे हुकून परत आलेला चेंडू पकडायला, प्रतिस्पर्ध्याला पाठीवर घेऊन, कंबर खाली करून जागा धरायची सवय गेट्सला होतीच. तीच त्याने गोलरेषेजवळ वापरली. मागच्याला चेंडू दिसायचा, हात पोचायचा नाही. १६ हंगाम, ११६ टचडाउन झेल (पास झेलून चेंडू गोलरेषेपार नेणं), टाइट एंडमधला विक्रम, २०२५ मध्ये हॉल ऑफ फेम या फुटबॉलच्या मानाच्या यादीत नाव. (संघ २०१७ मध्ये लॉस एंजेलिसला पळाला, त्याचा राग इथं अजून आहे.)

म्हणून "सगळं खेळू द्या" एवढ्यानेही माझं समाधान होत नाही. एका खेळाचं दार बंद झाल्यावर बाविसाव्या वर्षी त्याला दुसऱ्या खेळासाठी तपासून बघणारं कोणीतरी होतं, हे जास्त महत्त्वाचं. आपल्याकडे दहावीला क्रीडागुण आहेत, सरकारी नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे. दोन्ही असावंच, पण ते झालेल्या कामगिरीचं बक्षीस. व्हॉलीबॉलमधून गळालेल्या मुलाचे पाय कबड्डीच्या चढाईला चालतील का, हे बघायला किती प्रशिक्षक जातात? आणि निवड चाचणीला त्याच खेळाची जुनी प्रमाणपत्रं मागितली, तर असा मुलगा मैदानात तरी कसा शिरणार?