स्पष्टवक्तेसाहेब, टेबलापाशी मी होतो

मागच्या लेखात मी 2020 च्या अमेरिकन अध्यक्षीय निवडणुकीबद्दल लिहिलं होतं. निवडणुकीबद्दल कसलं, त्या निवडणुकीवरून इथल्या, म्हणजे पेन्सिल्व्हेनियातल्या फिलाडेल्फियाच्या आसपासच्या, आम्हा मराठी लोकांत जी जुंपली तिच्याबद्दल. पेन्सिल्व्हेनियात मतदानाच्या रात्री पुढे असलेले ट्रम्प चार दिवसांत मागे कसे पडले, आणि त्यावरून चांगली शिकलीसवरलेली सात-आठ घरं एकमेकांकडे जेवायला जाईनाशी कशी झाली, एवढाच विषय होता.

त्यावर 'एक स्पष्टवक्ता' या नावाने प्रतिक्रिया आली आहे. सगळे तिथवर जाऊन वाचणार नाहीत, म्हणून थोडक्यात सांगतो. त्यांचं म्हणणं असं की निकालाचा वार मी चुकीचा दिला. मी एकाच पक्षाच्या थापा मोजल्या, दुसऱ्याच्या सोडून दिल्या. सोलापूर जिल्ह्यातल्या मारकडवाडीच्या गावकऱ्यांनी मतदान यंत्रावर शंका घेतली तेव्हा मी याच ब्लॉगवर त्यांची बाजू घेतली होती, मग पेन्सिल्व्हेनियातल्या मतदाराने टपाली मतांवर शंका घेतली की तो अडाणी कसा? आणि मग हे वाक्य, जसंच्या तसं: 'दोन चॅनेल बघून निवडणूकतज्ज्ञ झालेले तुमच्यासारखे दीडशहाणे मोजणीच्या टेबलापाशी आयुष्यात कधी उभे तरी राहिले आहेत का? सबब, तुमचा लेख रद्दबातल.'

आधी वाराचं. 7 नोव्हेंबर 2020 ला शनिवार होता, मी शुक्रवार लिहिलं. चूक माझी, लेखात दुरुस्ती केली आहे. शुक्रवारी सकाळी बायडेन मोजणीत पुढे गेले आणि शनिवारी वृत्तसंस्थांनी त्यांना विजयी घोषित केलं, त्यामुळे डोक्यात गल्लत झाली. खरं तर तो शनिवार मी विसरायला नको होता, कारण त्याच दिवशी फोर सीझन्स टोटल लँडस्केपिंग नावाच्या बागकामाच्या कंपनीच्या आवारात ट्रम्प यांच्या वकिलांची ती पत्रकार परिषद झाली होती आणि ती जागा आमच्या घरापासून अर्ध्या तासावर आहे. तर हे झालं. चूक दाखवली की मी मान्य करतो, माझ्या वाचकांना ते ठाऊक आहे.

आता टेबल.

मला सांगा, ही काय बोलायची पद्धत झाली? मतभेद असू द्यात, असायलाच हवेत. पण लेख न पटणं वेगळं आणि लिहिणाऱ्याची लायकी काढणं वेगळं. बारा वर्षं मी हा ब्लॉग लिहितो आहे, फुकट लिहितो आहे, आणि आजवर एकाही वाचकाला मी उणा शब्द बोललेलो नाही. 'तुम्ही कोण सांगणार' हा प्रश्न आपल्याकडे कधी येतो? समोरच्याचं म्हणणं खोडता येत नसतं तेव्हा. गल्लीत येतो, सोसायटीच्या वार्षिक सभेत येतो, आणि तो इथे सातासमुद्रापार माझ्याच ओसरीवर यावा याचं वाईट वाटलं. तुमचं खरं नाव तरी लिहायचंत. मी माझं लिहितो.

पण विचारलंच आहे तर ऐका.

माझे वडील जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होते. दर निवडणुकीला त्यांना ड्यूटी लागायची. एकदा जत तालुक्यातल्या एका वस्तीवर ते केंद्राध्यक्ष म्हणून गेले होते. मतदान संपलं, पेटीला कागदी सील लावलं, मेणबत्तीवर लाख वितळवून ठसा उठवला, आणि पेटी न्यायला येणारा ट्रक काही आला नाही. अण्णा रात्रभर शाळेच्या फरशीवर त्या पेटीवर डोकं ठेवून झोपले. लाखेने अंगठा भाजला होता, त्याचा पांढरा डाग शेवटपर्यंत होता. मत म्हणजे काय चीज असते हे मला चॅनेलवरून कळलेलं नाही.

आणि 3 नोव्हेंबर 2020 ला मी स्वतः फिलाडेल्फियाच्या बाहेरच्या एका उपनगरात, शाळेच्या जिममध्ये, मतदान केंद्रावर लिपिक म्हणून बसलो होतो. पहाटे सहाला हजर. सातला दार उघडलं तेव्हा रांग पार्किंग ओलांडून रस्त्यावर गेली होती. तोंडाला मास्क, समोर प्लास्टिकचा पडदा, हाताला सॅनिटायझर लावून लावून कातडी निघालेली. रात्री आठला दार बंद होईपर्यंत एक सँडविच आणि अर्धी केळी. (उरलेली अर्धी कोणी खाल्ली ते आजपर्यंत समजलेलं नाही.)

त्या वर्षी निम्मा गोंधळ टपाली मतपत्रिकांचा होता. पत्रिका घरी आली आहे, पण आता मला प्रत्यक्षच मत द्यायचं आहे, असं म्हणत कित्येक जण आले. नियम असा की पत्रिका आणि तिचं बाहेरचं पाकीट दोन्ही आमच्याकडे जमा करायचं, सही करायची, मग मशीनकडे जायचं. ट्रम्प समर्थकांच्या लाल टोपीतले एक आजोबा आले. पत्रिका आणली होती, पाकीट घरी राहिलं होतं. मी म्हटलं, एक तर तात्पुरती मतपत्रिका भरून द्या, नाही तर पाकीट घेऊन या. ते तडकले. तुम्ही लोक आमची मतं खाणार हे माहीतच होतं, म्हणाले. 'तुम्ही लोक' म्हणजे कोण, ते मी विचारलं नाही. पाऊण तासाने आले, पाकीट माझ्यासमोर ठेवलं. त्यावर कॉफीच्या कपाचा गोल डाग उमटला होता. मी पत्रिका रद्द करून घेतली, त्यांची सही घेतली, आणि त्यांनी ट्रम्पना मत दिलं असणार ते दिलं. मी त्यांचं मत खाल्लं नाही, स्पष्टवक्तेसाहेब. मला तर सँडविचसुद्धा धड खाता आलं नाही.

आता तुम्ही म्हणाल, हे मतदानाचं टेबल झालं, मोजणीचं नव्हे. बरोबर आहे. मोजणी काउंटीच्या पातळीवर होते, फिलाडेल्फियाची तर कन्व्हेन्शन सेंटरच्या भल्या मोठ्या हॉलमध्ये झाली, आणि तिथे मी नव्हतो. पण तुमचं तात्पर्य 'प्रत्यक्ष काही पाहिलं आहे का' असंच होतं ना? मग शब्दाला कशाला धरून बसायचं.

आणि मोजणीत नेमकं काय झालं ते कळायला टेबलापाशी उभं राहावं लागतच नाही, कायदा वाचता आला तरी पुरे. कारण न देता टपालाने मत देण्याची सोय पेन्सिल्व्हेनियात 2019 च्या कायद्याने आली. तेव्हा विधिमंडळात बहुमत रिपब्लिकनांचं होतं, सही डेमोक्रॅट राज्यपालांची. त्यात करोना आला आणि टपाली मतांचा पूर लोटला, 26 लाखांच्या आसपास. पण ही पाकिटं मतदानाच्या दिवशी सकाळी सातच्या आत उघडायची नाहीत, असं कायदाच सांगत होता. ही अट बदलावी म्हणून बोलणी झाली, फिसकटली. फ्लोरिडात हेच काम 22 दिवस आधी सुरू करता येत होतं, म्हणून तिथला निकाल त्याच रात्री लागला आणि तिथे कोणाला काही चमत्कारिक वाटलं नाही. आमच्याकडे एकेका मतामागे दोन पाकिटं: बाहेरचं सहीचं, आतलं गुप्ततेचं. दोन्ही फाडा, घड्या उलगडा, सपाट करा, मग मशीनमध्ये घाला. आतलं पाकीट नसेल तर मत बाद. हे गुणिले 26 लाख. आणि ट्रम्प महिनोन्महिने टपालाला नावं ठेवत असल्यामुळे त्यांचे मतदार केंद्रावर आले आणि समोरचे पोस्टात गेले, टपाली मतांत चारातली तीन बायडेनना पडली. केंद्रावरची मतं आधी मोजून झाली, तेव्हा ट्रम्प जवळपास सात लाखांनी पुढे दिसत होते. मग पाकिटं उघडत गेली तशी आघाडी विरघळत गेली. शेवटचा फरक 80 हजारांच्या थोडा वर. यात रात्रीत ट्रकभर मतं येऊन पडल्याची गोष्ट कुठे बसते ते मला अजून कोणी दाखवलेलं नाही.

निरीक्षकांना आत सोडलं नाही, असंही आमच्या ग्रुपवर आठवडाभर फिरत होतं. तो वाद 5 नोव्हेंबरला फिलाडेल्फियाच्या संघीय न्यायालयात गेला. तुमचे लोक हॉलमध्ये आहेत की नाहीत, असं न्यायाधीशांनी ट्रम्प यांच्या वकिलाला विचारलं. वकील म्हणाले, शून्य नाही इतके लोक आत आहेत. मग तुमची तक्रार काय आहे, असं न्यायाधीशांनी पुढे विचारलं. गंमत म्हणजे आमच्या ग्रुपवर जो गृहस्थ हा आरोप रोज सकाळी सुप्रभाताबरोबर टाकत असे, त्याला मी हे पाठवलं, तर उत्तर आलं: 'न्यायाधीश मॅनेज आहेत.' मग 18 लाखांचं प्रकरण आलं. राज्याने म्हणे 18 लाख टपाली मतपत्रिका पाठवल्या आणि 25 लाख मोजल्या, मग वरच्या 7 लाख आल्या कुठून? ऐकायला बिनतोड. पण 18 लाख हा आकडा जूनच्या, पक्षांचे उमेदवार ठरवणाऱ्या प्राथमिक निवडणुकीचा होता, नोव्हेंबरसाठी 30 लाखांवर पत्रिका गेल्या होत्या. दोन वेगवेगळ्या निवडणुकांचे आकडे एकातून एक वजा केले होते. हे मी एका इंजिनिअर माणसाला, आयआयटीतल्या माणसाला, फोनवर चाळीस मिनिटं समजावून सांगितलं. शेवटी तो म्हणाला, ते ठीक आहे, पण काहीतरी शिजलंय हे नक्की.

उरलेल्या मुद्द्यांवर फार वेळ घालवत नाही. एकाच पक्षाच्या थापा मोजल्या म्हणता, तर लेख 2020 चा होता आणि त्या वर्षी हरलेला पक्ष एकच होता. 2024 ला कमला हॅरिस हरल्यावर 'दोन कोटी मतं गायब' अशी आवई डेमोक्रॅटांकडूनही उठली, हे मान्य. बायडेनना 8 कोटी 12 लाख पडली होती आणि हॅरिसना दुसऱ्या दिवशी त्याहून पुष्कळ कमी दिसत होती, कारण कॅलिफोर्निया आठवडेच्या आठवडे मोजत बसतं. शेवटी त्यांचा आकडा साडेसात कोटींवर गेला. तो फॉरवर्ड मीही एका ग्रुपवर टाकला होता, पण प्रश्नचिन्ह घालून टाकला होता आणि दोन तासांत काढला. त्याची ट्रम्प यांच्या निकालाविरुद्धच्या साठ-साठ खटल्यांशी तुलना करू नये.

मारकडवाडीचा विषय पूर्ण वेगळा आहे. तिथल्या लोकांना डिसेंबर 2024 मध्ये स्वतःच कागदावर मतदान घेऊन ताळा बघायचा होता आणि प्रशासनाने जमावबंदी लावून तो होऊ दिला नाही. इथे कागद होता, शेजारच्या नव्हे पण दूरच्या जॉर्जिया राज्यात तर 50 लाख कागद पुन्हा हाताने मोजले. कृपा करून आता व्हीव्हीपॅटचं, म्हणजे यंत्रातून निघणाऱ्या कागदी चिठ्ठीचं, काढू नका, त्यावर मी वेगळं लिहिणार आहे. कधी ते वेळ मिळेल तसं.

तुमची प्रतिक्रिया मी काढलेली नाही, काढणारही नाही. सौ. म्हणाली, उत्तर देऊच नकोस, त्यांना तेच हवंय. पण रात्री दोन वाजेपर्यंत मी हे लिहीत बसलो आहे, यावरून तुमचं म्हणणं मी किती गांभीर्याने घेतो ते तुमच्या लक्षात यावं.

एक शेवटचं. 'सबब' हा शब्द रोजच्या बोलण्यात वापरणारा, आणि सुप्रभाताबरोबर आरोप पाठवणारा, या अख्ख्या परिसरात मला एकच माणूस माहीत आहे. तुम्ही ते नसाल तर सोडून द्या. असाल, तर आमचं पुरणयंत्र ऑक्टोबर 2020 पासून तुमच्याकडे आहे. बारीक भोकांची जाळीही त्यातच होती. दोन आठवड्यांवर होळी आहे. आम्ही घरीच आहोत, यायचं नसेल तर दारात ठेवून गेलात तरी चालेल.