व्हिसा इंग्रजीला मिळत नाही

माझ्या वर्गातील मुले मला ‘टीचर पातिन’ म्हणतात. माझे माहेरचे आडनाव पाटील. थाई भाषेत शब्दाच्या शेवटी आलेल्या ‘ल’चा उच्चार ‘न’ होतो आणि आपला ‘ट’ त्यांच्याकडे नाहीच, म्हणून पाटीलचे पातिन झाले. लग्नाला चौदा वर्षे झाली, पासपोर्टवर सासरचे आडनाव आहे, तरीही थायलंडच्या ईशान्येकडील या शहरात माहेरचे आडनाव मला परत मिळाले आहे, आणि त्याला कारण आपल्याकडील पदवी प्रमाणपत्रावर नाव लिहिण्याची पद्धत. ती हकिकत पुढे सांगते.

लिहिण्याचे निमित्त मात्र भाचीचा फोन. ती इंग्रजी विषय घेऊन एम.ए. झाली आहे आणि ‘घरबसल्या १२० तासांचे प्रमाणपत्र घ्या, परदेशात इंग्रजी शिकवा’ अशा एका जाहिरातीला भुलून पैसे भरायच्या बेतात होती. “मावशी, माझं इंग्रजी चांगलं आहे, मग अडतं कुठे?” असा तिचा सरळ प्रश्न होता. अशाच आशयाचे निरोप मला अधूनमधून येत असतात, विशेषतः राज्याच्या शिक्षक भरतीच्या पवित्र पोर्टलकडे डोळे लावून बसलेल्या आणि तोवर विनाअनुदानित शाळेत राबणाऱ्या शिक्षकांचे. मी स्वतः कराडजवळच्या तशाच एका शाळेत आठ वर्षे काढली असल्यामुळे त्यांची घालमेल मला समजते. प्रत्येकाला वेगळे उत्तर देण्यापेक्षा एकदाच सांगते: अडते ते पासपोर्टवर, पदवीवर आणि कागदांवर. इंग्रजीचा नंबर त्यानंतर लागतो.

पासपोर्टपासून सुरुवात करते, कारण सर्वांत जास्त गैरसमज तिथेच आहे. दक्षिण कोरियात भाषा शिकवण्यासाठी ई-२ नावाचा व्हिसा लागतो आणि इंग्रजीसाठी तो सर्वसाधारणपणे सातच देशांच्या नागरिकांना मिळतो: अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका. यातील दक्षिण आफ्रिका लक्षात घेण्याजोगी आहे. त्या देशात घरी इंग्रजी बोलणारे लोक दहा टक्क्यांहूनही कमी आहेत, आणि कोरियाला हे ठाऊक आहे, म्हणूनच तेथील उमेदवाराकडून सातवीपासून पुढचे शिक्षण इंग्रजीतून झाल्याचा पुरावा मागितला जातो. माझा आक्षेप नेमका इथे आहे. शाळेच्या दाखल्यावरून एखाद्याचे इंग्रजी तपासता येते हे एकदा मान्य केल्यावर तोच दाखला सातारच्या इंग्रजी माध्यमात शिकलेल्या मुलीकडून का घेतला जात नाही, याचे उत्तर भाषेत सापडत नाही, ते पासपोर्टच्या मुखपृष्ठावरच सापडते. श्रीनगरला जन्मलेले भाषाशास्त्रज्ञ ब्रज काचरू यांनी १९८० च्या दशकातच इंग्रजीची तीन वर्तुळे मांडून भारताला दुसऱ्या वर्तुळात ठेवले होते. इंग्रजी ही इथल्या व्यवहाराची आणि शिक्षणाची भाषा आहे, केवळ परकीय विषय नाही, असा त्याचा अर्थ. ही गोष्ट व्हिसाच्या खिडकीपर्यंत अजून पोहोचलेली नाही.

तुलनेसाठी जपानचे उदाहरण घ्या. तेथील शाळांत शिकवण्यासाठी ‘प्रशिक्षक’ या वर्गाचा निवास परवाना लागतो आणि परकीय भाषा शिकवणाऱ्याने त्या भाषेतून किमान १२ वर्षे शिक्षण घेतलेले असावे, असा नियम आहे. मी दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकले, त्यामुळे हे दार माझ्यासाठी बंदच आहे. तरीही मला हा नियम कोरियाच्या नियमापेक्षा अधिक न्याय्य वाटतो, कारण तो निदान ज्या गोष्टीची चौकशी करायची तिचीच चौकशी करतो.

कोरियाच्या नियमाला एक अपवाद आहे आणि तो आपल्याचसाठी आहे. भारत आणि दक्षिण कोरिया यांच्यात ७ ऑगस्ट २००९ रोजी सर्वंकष आर्थिक भागीदारी करार झाला आणि १ जानेवारी २०१० पासून तो अमलात आला. आपल्याकडे त्याची चर्चा झाली ती आयात शुल्काच्या अंगाने. पण ज्या व्यावसायिकांना कोरियात काम करण्याची मुभा त्यात दिलेली आहे, त्यांत प्राथमिक आणि माध्यमिक शाळांतील इंग्रजीचे साहाय्यक शिक्षकही आहेत. अट अशी की पदवीबरोबर शिक्षकाची अधिकृत अर्हता हवी. म्हणजे बी.एड. शिक्षकांच्या किती मेळाव्यांना आणि प्रशिक्षणांना मी बसले असेन, पण या कलमाचा उल्लेख एकाही व्यासपीठावरून ऐकलेला मला आठवत नाही.

ब्रिटनची गंमत आणखी वेगळी. २०२३ पासून इंग्लंडने भारतातील प्रशिक्षित शिक्षकांना तेथील शिक्षक-अर्हतेसाठी थेट अर्ज करण्याची सोय दिली, पण ती गणित, विज्ञान आणि परकीय भाषा शिकवणाऱ्यांना. इंग्रजीच्या शिक्षकांना नाही. दीडशे-पावणेदोनशे वर्षे वाघिणीचे दूध पिऊन झाल्यावर वाघीण म्हणते, गणित येते का?

आता थायलंड, जिथले मला अनुभवाने ठाऊक आहे. मी २०१८ मध्ये आले. मुंबईतील थाई महावाणिज्य दूतावासातून मिळालेला ‘नॉन-इमिग्रंट बी’ व्हिसा ९० दिवसांचा होता आणि तेवढ्या काळात वर्क परमिट काढून मुक्काम वर्षभरासाठी वाढवून घ्यायचा होता. (१ जानेवारी २०२५ पासून भारतातून हा अर्ज ऑनलाइन करता येतो, त्यामुळे निदान नरीमन पॉइंटची खेप वाचते.) वर्क परमिटसाठी वैद्यकीय दाखला लागतो आणि कुष्ठरोग, क्षयरोग, हत्तीरोग, व्यसन आणि तिसऱ्या टप्प्यातील उपदंश नाही, असे त्यात डॉक्टरने लिहून द्यावे लागते. दवाखान्यातील डॉक्टरने माझे पाय पाहिले, हसले आणि सही केली. परदेशी शिक्षकाला शिकवण्याचा परवाना देणारी संस्था आहे खुरुसफा. दोन महिने हे नाव मी अडखळत उच्चारत होते आणि मग एके दिवशी लक्षात आले की हा तर आपला ‘गुरुसभा’ शब्द आहे. कागदपत्रांवरील सन मात्र बौद्ध असतो. आपला शालिवाहन शक ७८ वर्षांनी मागे, यांचा सन ५४३ वर्षांनी पुढे, त्यामुळे पहिल्या महिन्यात मी स्वतःची जन्मतारीख दोनदा चुकवली.

इंग्रजी ज्यांची पहिली भाषा नाही, त्यांना इथे भाषेच्या परीक्षेचे गुण दाखवावे लागतात. टोइक ही इंग्रजीची परीक्षा दिली तर ९९० पैकी किमान ६००. एम.ए. इंग्रजी होऊन आठ वर्षे इंग्रजी शिकवल्यानंतर मी बँकॉकच्या एका सभागृहात बसून विमानतळावरील घोषणा आणि कार्यालयातील निरोप ऐकत २०० प्रश्नांची उत्तरे लिहिली. परीक्षेला माझा विरोध नाही, ती सर्वांची घ्या एवढेच म्हणणे आहे. गुणांचा हिशेब मात्र दोनच वर्षे धरतात, त्यानंतर माणूस इंग्रजी विसरतो असा बहुधा समज असावा.

आता नावाची हकिकत. माझ्या पदवी प्रमाणपत्रावर आधी आडनाव, मग माझे नाव, मग वडिलांचे नाव आहे, जसे महाराष्ट्रात बहुतेकांच्या प्रमाणपत्रांवर असते. पासपोर्टवर आधी माझे नाव, मग नवऱ्याचे नाव आणि वेगळ्या रकान्यात सासरचे आडनाव. तीन शब्दांपैकी जुळणारा शब्द एकच, आणि तोही दोन कागदांवर दोन वेगळ्या जागी. शाळेच्या कचेरीतील बाईंनी माझे वेळापत्रक पदवीवरून तयार केले होते आणि पहिला शब्द म्हणजे पहिले नाव असे धरून ‘टीचर पाटील’ असा फलक वर्गाबाहेर लावला होता. परमिटचा अर्ज मात्र पासपोर्टवरून भरला गेला. दोन्ही कागद शेजारी ठेवून अधिकाऱ्याने अगदी नम्रपणे विचारले की ही दुसरी बाई कोण. मी त्यांना समजावून सांगू लागले की आमच्याकडे मधले नाव लग्नाआधी वडिलांचे असते आणि लग्नानंतर नवऱ्याचे होते, तेव्हा दुभाषी म्हणून आलेल्या माझ्या सहकारी शिक्षिकेने मध्येच थांबून मलाच विचारले, “म्हणजे तुझे असे नाव कोणते?”

विवाह नोंदणीचे प्रमाणपत्र माझ्यापाशी होते, पण त्यावर आपल्या परराष्ट्र मंत्रालयाचा शिक्का नव्हता. एकमेकांचे कागद एकाच शिक्क्यावर मान्य करण्याचा जो अपॉस्टिल करार आहे, त्यात भारत २००५ पासून आहे आणि कोरियासारख्या सदस्य देशासाठी तो एक शिक्का पुरतो. थायलंड आणि संयुक्त अरब अमिरातीच्या बाबतीत मात्र मंत्रालयाच्या शिक्क्यानंतर त्या देशाच्या दूतावासाचाही शिक्का घ्यावा लागतो. ते प्रमाणपत्र कुरियरने कराडला गेले, यजमानांनी ते पुढे पाठवले, शिक्के घेऊन ते परत आले आणि मग त्याचे थाई भाषांतर झाले. यात सात आठवडे गेले. व्हिसाचे ९० दिवस संपायला अकरा दिवस उरले असताना परमिट हातात पडले. तोवर मुलांच्या तोंडी ‘पातिन’ पक्के बसले होते आणि मीही ते बदलायला सांगितले नाही.

पदवीच्या पडताळणीसाठी विद्यापीठात घातलेल्या खेपांविषयी फार लिहीत नाही. खिडकीवरील गृहस्थांनी मला चार वेळा ‘उद्या या’ म्हटले आणि पाचव्या वेळी चहा पाजला. एवढे मात्र सांगते की आपल्याकडे असंख्य जण गुणपत्रिकेवर आयुष्य काढतात आणि पदवी प्रमाणपत्र विद्यापीठातून घेतच नाहीत. परदेशात गुणपत्रिकेला कोणी विचारत नाही.

आता जाहिरातीतील त्या १२० तासांविषयी. अशी प्रमाणपत्रे सगळीच टाकाऊ आहेत असे मी म्हणणार नाही. ज्या अभ्यासक्रमात खरोखरच्या विद्यार्थ्यांसमोर उभे राहून शिकवावे लागते आणि मागे बसून कोणी ते पाहते, त्यातून माणूस शिकतो. परंतु घरबसल्या मिळालेले प्रमाणपत्र हे पदवीला लावलेले तोरण आहे, घर नव्हे. माझ्याकडे बी.एड. असल्यामुळे गुरुसभेपुढे मी प्रशिक्षित शिक्षक म्हणून उभी राहिले. ज्यांच्याकडे केवळ पदवी असते त्यांना दोन वर्षांची तात्पुरती परवानगी मिळते आणि ती संपत आली की पुन्हा धावपळ सुरू. आखाती देशांतील सीबीएसईच्या शाळांतही इंग्रजीच्या शिक्षकाला पहिला प्रश्न बी.एड.चाच असतो. २०१५ पासून बी.एड. दोन वर्षांचे झाल्याने अनेक जण ते टाळतात, हे मला माहीत आहे. टाळू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

याच्यापुढे ज्या गोष्टीवर मला राग येतो ती म्हणजे ‘आधी पर्यटक म्हणून या, व्हिसाचे नंतर बघू’ हा सल्ला. नोव्हेंबर २०२३ पासून भारतीयांना थायलंडमध्ये पर्यटनासाठी व्हिसाशिवाय प्रवेश मिळू लागला आणि हा सल्ला आणखी स्वस्त झाला. परमिटशिवाय काम करताना सापडलेल्या परदेशी माणसाला ५ हजार ते ५० हजार बाथ दंड होऊ शकतो आणि वर देशाबाहेर काढले जाते. शाळा त्या दिवशी ओळखही दाखवत नाही. त्याहून भयंकर प्रकार म्हणजे थायलंडमधील नोकरीच्या नावाखाली सीमेपलीकडे म्यानमारमधील म्यावाडीला नेऊन ऑनलाइन फसवणुकीच्या कामाला जुंपलेल्या भारतीय तरुणांचा. याबाबत आपल्या परराष्ट्र मंत्रालयाने २०२२ मध्येच सावध केले होते. एजंट नोंदणीकृत आहे की नाही हे सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर पाहता येते आणि नोंदणीकृत एजंटला ३० हजार रुपये अधिक जीएसटी यापेक्षा जास्त सेवाशुल्क घेता येत नाही. तरीही दोन-तीन लाख मोजून बसलेले लोक मला भेटले आहेत, आणि त्यांतील एकाने तर बायकोचे गंठण मोडले होते.

पगाराचेही सांगायला हवे, नाहीतर हे लिखाण म्हणजे दुसरी जाहिरात होईल. मी रुजू झाले तेव्हा माझा पगार २४ हजार बाथ होता आणि माझ्याच मजल्यावर शिकवणाऱ्या, शिकवण्याचे कोणतेही प्रशिक्षण नसलेल्या एका इंग्रज तरुणाचा ३८ हजार. मुलगा भला होता. त्याला हा फरक कळला तेव्हा तो माझ्यापेक्षा जास्त ओशाळला. मी संतापले होते, पण राहिले, कारण कराडच्या शाळेतील पगाराशी तुलना केली की संतापाला फार वेळ टिकणे परवडत नव्हते. आपल्याकडे नियमित नियुक्ती मिळालेल्या माध्यमिक शिक्षणसेवकाचे मानधनही तेव्हा महिना ८ हजार रुपये होते, मग विनाअनुदानितची काय कथा.

भाचीला मी हे सगळे सांगितले. १२० तासांचे पैसे तिने भरले नाहीत, बी.एड.च्या सीईटीची तयारी सुरू केली आहे आणि पदवी प्रमाणपत्र आणायला जाणार आहे. तिचे लग्नही ठरते आहे, म्हणून आणखी एक सल्ला दिला: नाव बदलू नकोस. तशी सक्ती कोणत्याही कायद्यात नाही, आणि पदवी व पासपोर्ट यांवर एकच नाव राहिले तर सात आठवडे वाचतील. त्यावरून ताई माझ्यावर थोडी रागावली आहे. “मुलाकडच्यांना काय सांगायचं?” असे तिने विचारले, तेव्हा मी म्हटले की भाऊजींना बोलू दे, व्हिसाचे कारण सांगा. भाऊजींनी अजून उत्तर दिलेले नाही.