सुप्रभाताचा भडिमार

आमच्या वसाहतीचा व्हॉट्सॲप समूह कशासाठी काढला, हे सोलापुरात राहणाऱ्याला वेगळे सांगायला नको: नळाला पाणी कधी सुटणार, हे सर्वांना वेळेवर कळावे. उजनी धरण भरले तरी आमच्याकडे पाणी रोज येत नाही, आणि ज्या दिवशी येते त्या दिवशी त्याची वाट पाहणे हीच एक नोकरी होऊन बसते. परंतु पहाटे कोणीतरी तळमळीने लिहिलेली 'पाणी आले' ही ओळ गुलाब, उगवता सूर्य, वाफाळता चहा आणि 'हसत राहा' अशा चित्रांच्या ढिगाऱ्याखाली गडप होते, आणि ती सापडेपर्यंत नळ कोरडा पडलेला असतो. मग रिकाम्या घागरीसमोर उभे राहून खुशाल सकारात्मक विचार करावा!

अफवांना आळा घालण्यासाठी २०१८ साली व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवण्याची मर्यादा घातली; समूहात रोज सुप्रभाताची चित्रे धाडणाऱ्या आमच्या अण्णांच्या चिकाटीपुढे मात्र तिचे काही चालत नाही.

खरा संताप वेगळाच आहे. यंत्रमाग बंद ठेवावा लागल्याचे एका शेजाऱ्याने लिहिले, तेव्हा धीराचा एक शब्दही कोणी स्वतःच्या बोटांनी टंकला नाही. त्याखाली मोराच्या चित्रावरचे 'संकट हीच संधी' तेवढे येऊन पडले. पाण्याच्या दिवशी तरी शुभेच्छा थोड्या उशिरा पाठवाव्यात, अशी विनंती मी नम्रपणे केली, तर उत्तरादाखल अण्णांकडून संयमाचे महत्त्व सांगणारा सुविचार आला, कमळासह.