पाटीवरच्या मराठीला अंग द्या

परवा लातूरच्या गंजगोलाईत एका हार्डवेअरच्या पाटीपुढं थांबलो. वर मराठी, खाली इंग्रजी. इंग्रजी अक्षरं जुन्या वळणाची, जाडजूड, पायाशी चौकोनी ठोकळे असलेली. स्लॅब सेरिफ म्हणतात त्याला. मराठी मात्र पेपरातल्या मजकुरासारखी सडपातळ. दुकानांच्या कायद्यातल्या २०२२ च्या दुरुस्तीनं पाटीवर मराठी अक्षर इतर लिपीपेक्षा लहान चालत नाही. तो नियम पाळलेला होता. पण रस्त्यापलीकडून नजरेत भरत होती ती इंग्रजीच. उंची सारखी दिली तरी मराठीत वेलांटी-मात्रा वर जागा खातात, उकार खाली खातो, आणि मधलं अक्षर बारकं होतं. त्यात ते हडकुळं असलं की संपलंच.

ठोकळ्याची ही अक्षरं मुळात रस्त्यासाठीच आली. १८१५ च्या सुमारास लंडनच्या व्हिन्सेंट फिगिन्सनं 'अँटिक' नावानं ती विकायला काढली, कारण पुस्तकाचा नाजूक टाइप भिंतीवरच्या जाहिरातीला पुरत नव्हता. आपल्या बाजारालाही तेच पाहिजे, पण मराठीतून घडवलेलं.

मी फ्लेक्सची डिझाइनं करतो. जाड अक्षर हवं असलं की आम्ही साधा फॉन्ट घेतो आणि कोरल या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये आउटलाइन, म्हणजे कडेनं जाड रेघ, देऊन फुगवतो. माझ्या हातून 'कृषी सेवा केंद्र' असं गेलंय. 'षी'च्या पोटातली तिरपी रेघ बुजली, 'द्र'खालचा रकार 'द'ला चिकटून गाठ झाली. बोर्ड चढल्यावर खालून बघितलं आणि पोटात कालवलं. उतरवून परत करून दिला.

आमच्या गल्लीतले पेंटर काका म्हणायचे, "पोटातली जागा आधी सोड बाबा, जाडी मग बग." ते चपट्या ब्रशनं काना खाली उतरवताना शेवटी हात किंचित दाबायचे, टोक रुंद व्हायचं. तोच आपला ठोकळा! 'द', 'ह', 'ड'च्या शेपटीला मात्र त्यांनी कधी पाय लावला नाही, आणि ते बरोबरच होतं. शिरोरेषा हीच मराठीतली सगळ्यात मोठी आडवी पट्टी. त्यावर इंग्रजीचे पाय सगळीकडं चिकटवले तर शब्द कुंपणासारखा दिसतो.

चांगली कामं झालीत. रेल्वेच्या रंगवलेल्या पाट्यांवरून 'यात्रा वन' हा फॉन्ट आला. 'मोदक' तर इतका गुबगुबीत की पोटाच्या नुसत्या फटी उरतात, तरी वाचता येतो. दोन्ही फुकट मिळतात. पण मोदकची गोलाई मिठाईच्या दुकानाला शोभते. बी-बियाणं, लोखंड, मोंढ्यातली आडत, यांना ताठ उभं, भक्कम पायाचं अक्षर पाहिजे, आणि ते पेंटरांच्या हातातून उचलून कुणीतरी नीट फॉन्टमध्ये बसवलं पाहिजे. जोडाक्षरांसकट.

उदगीर, अंबाजोगाई, परभणी, जालना, कुठंही जुनी रंगवलेली पाटी शिल्लक असेल तर तिच्यावर फ्लेक्स चढायच्या आत फोटो काढून इथं टाका. समोरून काढा, तिरका नको. 'क्ष', 'ष', 'ळ', 'द्र' असलेली पाटी दिसली तर आधी ती.